कुंपणावरचा व्हिसा

शेजारच्या पल्लूला जर्मनीत पावणेदोन मार्क पडले, ही बातमी मला दूधवाल्याकडून कळली. त्याला ती पल्लूच्या आजींनी सांगितली होती, आणि सांगताना त्यांचा सूर म्हणे असा होता की, आता तरी पोरगी घरी बसेल आणि स्थळं बघता येतील. मी चहा तसाच झाकून कुंपणापाशी गेले. विश्रामबागेतल्या आमच्या दोन बंगल्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे त्यांचा कढीपत्ता, अलीकडे माझी जास्वंद. सांगलीतली निम्मी कामं कलेक्टर कचेरीत होतात, उरलेली या भिंतीवर.

"अहो वहिनी, पावणेदोन म्हणजे काय हो?"

वहिनी, म्हणजे पल्लूची आई, कपडे वाळत घालत होत्या. इतक्या हसल्या की हातातले चिमटे खाली पडले. "काय सांगायचं काकू, सासूबाईंनी अर्धंच ऐकलं. तिकडं उलटं असतंय. एक म्हणजे पहिला नंबर आणि चार म्हणजे जेमतेम पास."

तेवढ्यात पल्लू बाहेर आली आणि तिने हिशेब मांडला. आपल्याकडचे जास्तीत जास्त गुण दहा, त्यातून तिचे साडेआठ वजा केले, उरले दीड. दहातून पास होण्यापुरते चार वजा केले, उरले सहा. दिडाला सहाने भागलं की पाव, पावाची तिप्पट पाऊण, त्यात एक मिळवला की पावणेदोन. याला बव्हेरियन सूत्र म्हणतात म्हणे. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे मला हे चटकन पटलं. आजींना अजून पटलेलं नाही. कमी मार्कांना चांगलं म्हणणारा देश त्यांना मुळातच संशयास्पद वाटतो.

पल्लू मेकॅनिकल इंजिनियर. शिकून झाल्यावर कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला होती, रोज सकाळी बसने जायची, संध्याकाळी नाकात काळं घेऊन यायची. तिला एमएस करायचं होतं ते ओतकामातच, आणि तेही फ्रायबेर्गला. साक्सनी राज्यातलं हे खाणींचं जुनं गाव. तिथलं खाण आणि धातूशास्त्राचं विद्यापीठ 1765 सालचं. इंडियम आणि जर्मेनियम ही दोन मूलद्रव्यं याच गावात सापडली, 1863 आणि 1886 साली. हे मला पल्लूनेच सांगितलं. मी ते पुढे चार घरी सांगितलं.

यावर पहिला खोडा घातला तो वहिनींच्या पुण्याच्या दिरांनी. त्यांचा फोन आला की, 'वहिनी, कोण म्हणतं जर्मनीत शिक्षण फुकट? तुमच्या त्या गावात परदेशी पोरांना सत्राला 1500 युरो फी आहे, मी वाचलंय.' घरात दोन दिवस सुतक. मग कळलं की भावोजींनी वाचलं ते फ्रायबुर्गबद्दल. ते गाव फ्रान्सच्या बाजूला, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात. युरोपाबाहेरच्या मुलांना ती 1500 युरोंची फी 2017 पासून त्या राज्याने लावली आहे, साक्सनीला तो कायदा लागत नाही. आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून फी सुरू केली आहे, ती तर याहून जास्त. म्हणजे 'जर्मनीत फी नसते' हे जसं अर्धं खरं, तसं 'फी असते' हेही अर्धंच. एका अक्षराने दोन रात्री झोप उडाली, एवढं मात्र पूर्ण खरं.

आता खरी कथा सुरू होते ती कागदांची. आपल्या लोकांना वाटतं, व्हिसा म्हणजे काचेपलीकडच्या गोऱ्या साहेबाची मर्जी. त्या दिवशी हसायचं किती, टाय लावायचा का, अंगारा खिशात ठेवायचा का, यावर गल्लीत परिसंवाद होतात. जर्मनीचं गाडं त्याच्या बरंच आधी अडतं. भारतातल्या मुलांना 1 नोव्हेंबर 2022 पासून आधी एपीएसचं प्रमाणपत्र काढावं लागतं. दिल्लीतली ही कचेरी तुमच्या मार्कलिस्टा खऱ्या आहेत का आणि तिकडे शिकायला तुम्ही पात्र आहात का, हे तपासते. फी 18,000 रुपये. चीनमध्ये हा प्रकार 2001 पासून आहे; आपल्याकडच्या खोट्या मार्कलिस्टांची कीर्ती जर्मनीपर्यंत पोचायला वीसेक वर्षं जास्त लागली, इतकंच.

"18,000 नुसते कागद खरे आहेत म्हणून सांगायला?" वहिनी म्हणाल्या. "खरे आहेत हे मला ठाऊक नाही होय? मी जागून अभ्यास घेतलाय तिचा."

आणि तिथेच नावाचं लफडं निघालं. आपल्या बोर्डाच्या मार्कलिस्टवर नाव कसं असतं बघा: आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पदवीच्या प्रमाणपत्रावर तोच क्रम. पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि दिलेल्या नावात मुलगी आणि बाप एकत्र. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, आपण जन्मभर हेच वाचतो. पण तिकडचा कारकून शेवटचा शब्द आडनाव धरतो. परिणाम असा की पल्लूला आलेल्या एका पत्रात तिचा उल्लेख 'फ्राऊ सदाशिव' असा होता. सदाशिवराव म्हणजे वहिनींचे यजमान. ते दोन दिवस खुशीत होते.

"मी परदेशात पोचलो बघा पोरीच्या आधी," असं ते माझ्या ह्यांना भिंतीवरून सांगत होते.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, तर तपासणाऱ्याने काय समजायचं? मग नोटरी, स्टॅम्पपेपर, 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, विद्यापीठाला ईमेल, पासपोर्टची प्रत. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दहावीला एक आणि बारावीला दुसरं, असला आणखी एक गोंधळ निघाला. शाळेच्या दाखल्यावर कुठल्यातरी गुरुजींनी घाईत लिहिलेलं एक अक्षर पोरीच्या मागे जर्मनीपर्यंत चाललं होतं.

फोटोची गंमत तर विसरलेच. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, फिकी पार्श्वभूमी, चेहरा सरळ, दात न दाखवता. आमच्या चौकातल्या फोटोवाल्याने हे सगळं पाळलं आणि वर सवयीने पल्लूचं तोंड दोन छटा गोरं केलं, कपाळावरचा लहानपणीचा व्रण पुसून टाकला. तो म्हणाला, "काकू, मुलीचा फोटो म्हटल्यावर हात आपोआप जातो." स्थळांसाठी काढायच्या फोटोत आणि वकिलातीत द्यायच्या फोटोत फरक असतो हे त्याला पटवायला पल्लूला पुन्हा जावं लागलं. व्रणासकट फोटो आजींनी पाहिला आणि म्हणाल्या, "हा कोण घेणार?"

आजींचं दुखणं तेच होतं. लग्न आधी, जर्मनी नंतर. त्यांना समजवायला आमच्या समोरचे अण्णा आले. अण्णा हायस्कुलात मराठी शिकवायचे, सेवानिवृत्त झाले तरी तास संपलेला नाही. ते म्हणाले, "आजी, इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला शिकायला गेल्या. आणि सासरे कोण, तर खुद्द महर्षी कर्वे! ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, तेसुद्धा सुनेला नको म्हणत होते. शेवटी जीवराज मेहतांनी कर्ज दिलं आणि बाई गेल्या, डॉक्टरेट घेऊन आल्या. हे मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री."

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्न झालेलं होतं ना पण तिचं?"

झालेलं होतं. अण्णा चहा न घेता गेले.

आता पैशांचं सांगते, कारण या विषयात गल्लीत माझ्या शब्दाला थोडी किंमत आहे. जर्मनीचा व्हिसा मागताना वर्षभराचा खर्च आधी दाखवावा लागतो. दाखवावा म्हणजे पासबुकाची झेरॉक्स नव्हे. तिकडच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो खरोखर भरायचे, आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला 992 युरो मुलीला मिळणार. 2024 च्या सप्टेंबरपर्यंत हाच आकडा 11,208 होता. युरो शंभर रुपयांच्या घरात, म्हणजे धरा बारा लाख.

वहिनींनी हे ऐकून एकच वाक्य म्हटलं, "पैसे आपले आणि कुलूप त्यांचं!"

मला विचाराल तर हे कुलूप फार शहाणपणाचं आहे. आपल्याकडे परदेशाच्या नावाखाली पैसे 'फिरवण्याची' जुनी रीत आहे. मेहुण्याकडून दहा लाख घ्यायचे, महिनाभर खात्यात ठेवायचे, दाखला काढायचा, परत द्यायचे. पोरगं तिकडे उतरतं आणि तिसऱ्या महिन्यापासून एक वेळ ब्रेडवर राहतं. माझ्या बहिणीच्या मुलाने इंग्लंडसाठी असंच केलं. इंग्लंडचा नियम असा की ठरलेली रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी, एक दिवसही खाली जाता कामा नये. मधेच गाडीचा हप्ता आपोआप कापला गेला, शिल्लक काही हजारांनी खाली आली, आणि व्हिसा नाकारला. त्याने सगळ्यांना सांगितलं की इंग्लंडला आता भारतीय नकोच आहेत. हप्त्याचं फक्त मला माहीत आहे. आता तुम्हालाही.

तर बारा लाख. सदाशिवराव कवठेमहांकाळच्या शेताचा सातबारा घेऊन बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, शेतजमीन तारणाला चालत नाही, घर किंवा एनए प्लॉट आणा. सदाशिवराव तापून घरी आले. त्यांचं म्हणणं, पाच एकर द्राक्षाची बाग आणि तिला किंमत नाही? मी म्हटलं, किंमत आहे, पण कर्ज थकलं तर बँक ती विकणार कुणाला आणि कशी? हे मी खुर्चीत बसून अनेक बापांना सांगितलेलं आहे, आणि प्रत्येक बापाने माझ्याकडे असंच बघितलेलं आहे. साधी गोष्ट अशी की बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या ठरलेल्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारणाची अट नसते, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. तेवढं कर्ज घ्या, वरचे साडेचार लाख एफडी मोडून घाला. व्याजावर जुन्या कररचनेत आठ वर्षं वजावट मिळते. वहिनींनी पाटल्या काढून ठेवल्या होत्या, त्या परत कपाटात गेल्या. माझ्या नोकरीचं आता उरलेलं सार्थक एवढंच.

पुण्याच्या भावोजींचा पुन्हा फोन. 'परदेशी पैसे पाठवलेत तर वीस टक्के टॅक्स कापतात!' मी फोनच मागून घेतला. म्हटलं, भावोजी, त्याला टीसीएस म्हणतात. 1 एप्रिल 2025 पासून माणशी, वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांना तर तो मुळीच नाही. आणि समजा कापला, तरी तो रिटर्न भरताना वळता होतो, कुणी खाऊन टाकत नाही. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, 'मी तेच म्हणत होतो.'

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगते. बँकेत ए-टू फॉर्म भरून 11,904 युरो पाठवलेत, की वाटेतल्या बँका आपापली दलाली काढून घेतात आणि तिकडे पोचतात 11,880. चोवीस युरोंसाठी दाखला अडतो. चार पैसे वर पाठवावेत. पल्लूला मी तेच करायला लावलं. आमच्या इथल्या शाखेत काउंटरवरच्या मुलाला ए-टू फॉर्म कुठल्या खणात आहे हे माहीत नव्हतं. ते मीच सांगितलं.

मोटिव्हेशन लेटरवर मात्र मी बोलायला नको, तिथे पल्लूच खरी. 'हेच शिक्षण का, तिथेच का, पुढे काय' असं एक-दोन पानी पत्र अर्जासोबत द्यावं लागतं. भावोजींच्या आग्रहावरून घरच्यांनी पुण्यातल्या एका सल्लागाराला पैसे भरले होते. त्याने पत्र लिहून पाठवलं. सुरुवात अशी, की लहानपणापासून मला यंत्रांचं विलक्षण आकर्षण होतं. ते वाचून वहिनी खो खो हसल्या. पल्लू सात वर्षांची होईपर्यंत मिक्सर लागला की कानावर हात ठेवून माझ्याकडे पळून यायची! पण हसू संपल्यावर पोरीने वर्गातल्या तिघांना फोन केले. तिघांकडेही तेच वाक्य. एकाची फक्त यंत्रं जाऊन संगणक आले होते.

पल्लूने ते पत्र बाजूला ठेवलं आणि स्वतः लिहिलं. मला वाचायला दिलं. मला ओतकामातलं काय कळतंय? पण मला दिसलं. पावसाळ्यात शिरोलीच्या फाउंड्रीत पंपाची केसिंग्ज ओतली की त्यांत आतून बुडबुडे राहायचे, ब्लो होल म्हणतात त्याला. साच्याच्या वाळूत ओलावा वाढला की भट्टीतलं लोखंड पडताक्षणी त्या ओलाव्याची वाफ होते आणि धातूतच अडकते. बाहेरून माल चकचकीत, मशीनवर घेतला की भोक. रोज संध्याकाळी शेडच्या मागे नाकारलेल्या केसिंग्जचा ढीग आणि पुन्हा वितळवायचा खर्च. वाळू तपासणारा म्हातारा मिस्त्री मुठीत वाळू दाबून सांगायचा, आज ओतू नका, आणि त्याचं बरोबर निघायचं. पल्लूने लिहिलं होतं की त्या मिस्त्रीच्या मुठीला जे कळतं ते मला आकड्यांत मांडायला शिकायचंय. पुढे तिथल्या अभ्यासक्रमातले कुठले विषय त्यासाठी लागतात, ते. बस. आकर्षण वगैरे शब्द कुठे नव्हता.

त्या तिघांपैकी एकाचा व्हिसा नाकारला गेला, शिक्षणाच्या हेतूबद्दल शंका म्हणून. पूर्वी अशा वेळी फुकटात फेरविचाराची विनंती करता यायची. 1 जुलै 2025 पासून जर्मनीने ती सोय जगभर बंद केली. आता एक तर नव्याने अर्ज, नाही तर बर्लिनच्या कोर्टात दावा. आता सांगलीच्या पोराने बर्लिनच्या कोर्टात कुठे जायचं? सल्लागाराने त्याला सांगितलं म्हणे, नशिबाचा भाग असतो.

मला हे नशीब-नशीब ऐकून वीट आलाय. अण्णांचा नातू अमेरिकेसाठी बीकेसीत मुलाखतीला गेला होता, तिथे तरी मान्य करू, समोर माणूस असतो. मुलाखतीआधी 350 डॉलर सेव्हिस नावाच्या नोंदणीचे आणि 185 व्हिसाचे भरून झालेले, उत्तरं पाठ, आणि 2025 च्या जूनपासून सोशल मीडियाची खाती उघडी ठेवायचा हुकूम. त्याने इन्स्टाग्रामवरचे अर्धे फोटो रातोरात काढले. कसले ते अण्णांना ठाऊक नाहीत, मला आहेत. आत दोन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. पण जर्मनीसाठी 2025 पासून अर्ज ऑनलाइनच असतो, कागद आधी वर चढवायचे, ते तपासून मग बोलावणं येतं. पल्लूचं बोलावणं आलं तेव्हा बरंचसं काम झालेलं होतं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने पल्लू आणि तिचे आई-वडील मुंबईला गेले. बोटांचे ठसे, फोटो, 75 युरोंएवढे रुपये. आई-बापांना आत सोडत नाहीत. सदाशिवराव फुटपाथवर उभे राहून देवाचं नाव घेत होते आणि वहिनी शेजारच्या बाईला आमच्या जास्वंदीचं कलम कसं लावायचं ते सांगत होत्या, हे पल्लूने सांगितलं. वेळ फक्त एका बोटाने खाल्ला. भट्टीवर भाजलेलं बोट, मशीन त्याचा ठसा घेईना.

वाट बघण्याच्या आठवड्यांबद्दल काही सांगण्यासारखं नाही. आजींनी जर्मनीविरुद्ध नवी आघाडी उघडली, की पोरगी तिकडे भांडी घासणार. अण्णांनी सांगितलं, विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस कामाची परवानगी आहे, आणि 2022-23 पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत चिन्यांना मागे टाकून आपली मुलं पहिल्या क्रमांकावर आहेत. आजी म्हणाल्या, म्हणजे भांडी घासायलाही रांग असणार. मग अण्णा मॅक्सम्युलरवर घसरले. पुण्यात ज्याच्या नावाच्या भवनात पल्लू जर्मन शिकली, तो ऋग्वेदाचा पंडित जन्मात कधी भारतात आलाच नाही. "आणि त्याला तर व्हिसाही लागत नव्हता!" हा अण्णांचा विनोद. आम्ही हसलो, कारण त्यांची आजींपुढची मागची हार आम्हाला आठवत होती.

व्हिसा आला. पल्लू गेली. पोचल्यावर पत्ता नोंदवायला दोन आठवड्यांची मुदत, मग परदेशी लोकांच्या कचेरीत राहण्याचा परवाना. ते तिचं ती करते आहे. दारावरच्या पाटीवर तिचं आडनाव बरोबर लागलं आहे, याचा फोटो आला. सदाशिवराव जरा हिरमुसले.

आता ज्यांच्या घरात पुढच्या वर्षीचं चाललंय त्यांना सांगते. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत 15 जुलै, काहींची त्याच्या कितीतरी आधी. एपीएसचे कागद दिवाळीच्या फराळाबरोबरच बाहेर काढा. त्याआधी दहावी, बारावी, पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर ताडून बघा. सल्लागाराला पैसे भरायची घाई झालीच असेल तर आधी भिंतीपाशी या. मी आठपर्यंत फुलं काढत असते. मार्कलिस्ट मात्र मूळ प्रत आणा, मोबाइलवरचा फोटो मला दिसत नाही.